कुत्रा कोणाचा?

कुत्रा चावलेला माणूस दवाखान्यात आला की जखम साबण-पाण्याने धुवायला सांगून डॉक्टर जे दोन-चार प्रश्न विचारतात, त्यांत एक हमखास असतो : कुत्रा कोणाचा होता? हा प्रश्न भांडण लावायला विचारलेला नसतो. रेबीज झालेल्या कुत्र्याच्या लाळेत विषाणू येऊ लागला की तो साधारण दहा दिवसांत मरतो. चावल्यानंतर दहा दिवसांनीही कुत्रा ठणठणीत असेल, तर चावा रेबीजचा नव्हता हे खात्रीने सांगता येतं आणि पुढचे डोस थांबवायचे का, याचा निर्णय डॉक्टर घेऊ शकतात. लस मात्र पहिल्याच दिवशी सुरू करायची, तिथे वाट बघायची सोय नाही. पण दहा दिवस नजर ठेवायला कुत्रा सापडला पाहिजे आणि तो सापडायला तो कोणाचा हे कळलं पाहिजे. बहुतेक केसपेपरवर या प्रश्नापुढे ‘माहीत नाही’ असंच उत्तर पडतं. गंमत अशी की, या प्रश्नाचं उत्तर तयार ठेवण्याची कायदेशीर व्यवस्था आपल्या शहरांत कित्येक दशकांपासून आहे. तिचं नाव कुत्र्याचा परवाना. ती चालत का नाही, हा या लेखाचा विषय. उत्तर थोडक्यात सांगायचं तर, हा परवाना आपण कर म्हणून जन्माला घातला आणि कर म्हणूनच तो मेला. ओळखपत्र म्हणून त्याला पुन्हा उभं केलं, तर तो कामाचा आहे.

कायद्याची पुस्तकं उघडली की हे लगेच दिसतं. मुंबई महानगरपालिका अधिनियम १८८८ चा. त्यातलं कलम १९१ अ पाळीव कुत्र्यांसंबंधी आहे आणि ते बसवलंय कराच्या प्रकरणात. मुंबईत कुत्रा पाळायला परवाना लागतो तो याच कलमाखाली. पुणे, नागपूर, नाशिक वगैरे शहरांना लागू असलेला १९४९ चा महानगरपालिका अधिनियम पाहा. त्याच्या कलम १२७ मध्ये महापालिकेने वाटल्यास बसवावेत अशा करांची यादी आहे. त्यात थिएटर-कर आणि पथकर यांच्या पंगतीला कुत्र्यांवरचा करही मांडला आहे. म्हणजे कायदा करणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे होता तो हौसेखातर कुत्रा बाळगणारा सुखवस्तू नागरिक आणि त्याच्याकडून वसूल करायची किरकोळ रक्कम. कुत्रा कुठला, लस कधी दिली, तो दुसऱ्याला दिला तर काय, मेला तर काय, हे प्रश्न कराच्या चौकटीत उद्भवतच नाहीत. पैसे भरले, पावती घेतली, वर्षाचा विषय संपला. आणि वसुली इतकी थोडी, की तिच्यासाठी माणूस दारोदार पाठवणं कोणत्याही महापालिकेला परवडत नाही. मग परवाना काढणारे काढतात, न काढणाऱ्यांना कोणी विचारत नाही, आणि जे काढतात त्यांनाही चार वर्षांनी आपण उगाच शहाणपणा केला असं वाटू लागतं. पुणे महापालिकेने २०२२ मध्ये मांजरांनाही परवाना लागेल असं जाहीर केलं, तेव्हा पुणेकरांनी त्यावर विनोद केले ते काही पुणेकर मुळातच खवचट म्हणून नाही. कुत्र्यांच्या परवान्याचं काय झालं, ते लोकांनी पाहिलं होतं.

हा रोग आपलाच नाही. इंग्लंडमध्ये कुत्र्यांवर कर आला १७९६ साली. पुढे त्याचा परवाना झाला. त्याचं शुल्क एकोणिसाव्या शतकात साडेसात शिलिंग ठरलं आणि १९८७ मध्ये तो परवाना रद्द झाला तेव्हाही ते तेवढंच होतं, फक्त दशमान चलनात त्याचे ३७ पेन्स झाले होते. इतक्या शुल्कात कारकुनीचा खर्चही निघत नव्हता आणि कुत्रेवाले मोठ्या संख्येने तो भरतही नव्हते. सरकारने शेवटी तो गुंडाळला. विशेष पुढेच आहे. तीस वर्षांच्या आत, ६ एप्रिल २०१६ पासून, त्याच इंग्लंडने प्रत्येक कुत्र्याला आठ आठवड्यांचा होईपर्यंत मायक्रोचिप बसवणं सक्तीचं केलं. कर नको झाला होता, नोंद हवीच होती. जर्मनीचं उदाहरण वरकरणी याच्या उलट जातं. तिथे नगरपालिका कुत्र्यांवर चांगला जबर कर लावतात आणि २०२३ मध्ये देशभरात त्यातून सुमारे ४२ कोटी युरो जमा झाले. करही चालतो तर मग! चालतो, पण तो पैसा नगरपालिकेच्या सर्वसाधारण तिजोरीत जातो आणि कराच्या वहीने ओळखीचा प्रश्न सुटत नाही म्हणून बर्लिनला २०२२ पासून कुत्र्यांची वेगळी नोंदवही सुरू करावी लागली. चिपचा क्रमांक त्या वहीत, कर वेगळ्या खिडकीवर. जिथे कर यशस्वी झाला तिथेही कर आणि ओळख यांची कामं वेगळी करावी लागली, यापेक्षा स्पष्ट पुरावा कोणता द्यायचा?

जपानने मात्र पहिल्यापासून बरोबर टोक पकडलं. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे रेबीजचा उद्रेक होता. १९५० मध्ये त्यांनी रेबीज प्रतिबंधक कायदा केला : कुत्र्याची नोंदणी, दरवर्षी लस, आणि दोन्हींचे बिल्ले कुत्र्याच्या गळ्यात. नोंदणीचा बिल्ला वेगळा, त्या वर्षीच्या लसीचा वेगळा. म्हणजे रस्त्यावरून जाणाऱ्यालाही नुसत्या पट्ट्याकडे पाहून कळावं की हा कुत्रा कोणाचा तरी आहे आणि याला यंदा लस दिली आहे. सात वर्षांत, १९५७ पर्यंत, देशातल्या देशात होणारा रेबीज तिथे संपला. त्यानंतर जे मोजके रुग्ण आढळले ते परदेशात कुत्रा चावून आलेले. सगळं श्रेय बिल्ल्याला देणं खोटेपणाचं होईल. त्याच कायद्याने बेवारस कुत्री पकडण्याचे अधिकारही दिले होते आणि पकडलेली असंख्य कुत्री मारली गेली. शिवाय जपान बेट आहे. पण आपल्याला उचलायची गोष्ट नोंदणी आणि लस यांची गाठ ही आहे. तिथे परवाना हा लसीचा पुरावा होता, म्हणून तो काढण्यात माणसाला स्वतःचा काही फायदा दिसत होता. आपल्याकडेही परवान्याच्या अर्जाबरोबर लसीचा दाखला जोडायला सांगतात. पण तो जोडपत्र म्हणून. लस हे कारण आणि परवाना ही तिची पावती, असा क्रम कधी लागलाच नाही.

इथे पहिला आणि सगळ्यात वजनदार आक्षेप येतो. घरातल्या पट्टेवाल्या लॅब्रॅडॉरची कसली नोंदणी करता, चावतात ती रस्त्यावरची! २०१९ च्या पशुगणनेत देशात सुमारे १ कोटी ५३ लाख भटकी कुत्री मोजली गेली, त्यांतली पावणेतेरा लाखांच्या आसपास महाराष्ट्रात. २०२४ मध्ये देशात कुत्रा चावल्याच्या ३७ लाखांहून अधिक घटना सरकारदरबारी नोंदल्या गेल्या आणि त्यात ४ लाख ८५ हजारांच्या आकड्यासह महाराष्ट्र पहिला होता. आक्षेप घेणाऱ्याचं दुखणं खरं आहे. पण हे आकडे जरा जवळून पाहा. चावणारा कुत्रा पाळीव होता की भटका, हे या जाहीर बेरजेत वेगळं दिसत नाही. त्याच वर्षी रेबीजचे संशयित मृत्यू सरकारी नोंदीत आहेत ५४. आणि देशातल्या साठ जिल्ह्यांत २०२२-२३ मध्ये झालेल्या घरोघरच्या सर्वेक्षणावरून संशोधकांनी काढलेला अंदाज आहे वर्षाला ५,७२६ मृत्यूंचा. दोन आकड्यांत शंभरपटीचं अंतर! ज्या देशात रेबीजने मेलेली माणसंच नीट मोजली जात नाहीत, तिथे कुत्री कोणाची हे ठामपणे सांगणारा माणूस अंदाजाने बोलत असतो, मग तो कुत्र्यांच्या बाजूचा असो की विरुद्ध. आणि भटकी कुत्री सगळी रस्त्यावरच जन्मलेली नसतात. पिल्लू म्हणून हौसेने आणलेलं, वाढल्यावर घरात मावेनासं झालेलं, आजारी पडलेलं, बदली झाली म्हणून मागे राहिलेलं, असं प्रत्येक शहरात काही ना काही सोडून दिलेलं असतं. नसबंदी न केलेली सोडलेली मादी वर्षभरात पिल्लं घालते, आणि निर्बीजीकरणाच्या मोहिमेने खाली आणलेला आकडा पुन्हा वर जायला लागतो. नळ चालू ठेवून फरशी पुसण्याचा हा उद्योग आहे. हा नळ बंद करायचा तर सोडून दिलेल्या कुत्र्याचा शेवटचा मालक सापडला पाहिजे.

ओळख नसली की काय होतं, याचा एक जुना दाखला मुंबईतच आहे. कंपनी सरकारच्या काळात उन्हाळ्यात भटकी कुत्री मारण्याचा नियम होता आणि मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे आठ आणे मिळत. १८३२ मध्ये ही मुदत १५ जूनपर्यंत वाढवली. आठ आण्यांच्या लोभाने मारेकरी अंगणातली, घरातली कुत्रीही ओढून नेऊ लागले, कारण मेलेल्या कुत्र्याच्या तोंडावर तो पाळीव होता की भटका हे लिहिलेलं नसतं. ६ जूनला, पारशांच्या पवित्र दिवशी, फोर्टात लोकांनी शिपायांवर हल्ला केला. दुसऱ्या दिवशी बाजार बंद झाला आणि कुलाब्याच्या गोऱ्या पलटणीचं अन्नपाणी अडवलं गेलं. या दंगलीचा शेवट धरपकडीत झाला. पुढे जमशेटजी जीजीभॉय यांच्यासारख्यांच्या पुढाकाराने १८३४ मध्ये पांजरपोळ उभी राहिली. इतिहासकार या प्रसंगाकडे धर्मभावना आणि परकी सत्ता यांच्या झगड्याच्या अंगाने पाहतात. ते बरोबरच आहे. पण कारभाराच्या अंगाने पाहिलं तर मूळ चूक साधी होती : कोणता कुत्रा कोणाचा हे ठरवण्याची सोय न करता सरकारने कारवाईचा हुकूम दिला.

ती चूक आपण अजून करतो आहोत. ऑक्टोबर २०२२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने सांगितलं की, भटक्या कुत्र्यांना खायला घालायचं असेल तर त्यांना दत्तक घ्या, महापालिकेत त्यांची नोंद करा आणि घरी न्या. त्रासलेल्या रहिवाशांना हे न्याय्य वाटलं. पण गल्लीतल्या पाच कुत्र्यांना चपात्या घालणारी बाई त्या पाचांची मालक कशी? पुढच्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने अशी सक्ती करू नका म्हणून सांगितलं. मग २०२५ चं वर्ष आलं. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली परिसरातली सगळी भटकी कुत्री आश्रयगृहांत टाका, असा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींनी तो बदलला : निर्बीजीकरण आणि लसीकरण करून कुत्र्यांना जिथून उचललं तिथेच सोडा, रेबीजची लागण झालेली, तशी शंका असलेली किंवा आक्रमक कुत्री सोडू नका. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालयं, बसस्थानकं, रेल्वेस्थानकं यांच्या आवारातली कुत्री हलवा आणि तिथे परत सोडू नका, असं सांगितलं. आता हे तिन्ही आदेश महापालिकेच्या श्वानपथकातल्या माणसाच्या जागी उभं राहून वाचा. ‘जिथून उचललं तिथेच’ सोडायचं, तर कुठून उचललं हे त्या कुत्र्यापाशी लिहिलेलं हवं. हा एकदा चावलेला कुत्रा आहे की दुसरा, हे कळायला हवं. शाळेच्या आवारातून हलवलेला कुत्रा महिन्याने परत तिथेच दिसला, तर तो तोच आहे हे सिद्ध करायला हवं. भटक्या कुत्र्याची आज आपल्याकडची ओळख म्हणजे कानाला घातलेला इंग्रजी व्ही आकाराचा छेद. त्यातून त्याचं निर्बीजीकरण झालं इतकंच समजतं. कधी झालं, कोणत्या वॉर्डात, रेबीजची शेवटची लस कधी दिली, यांतलं काहीही त्या कानावर नसतं.

ओळखीची साधनं महाग असतात, हा दुसरा आक्षेप. गोव्याने याचं उत्तर दिलेलं आहे. २०१३ पासून मिशन रेबीज ही संस्था आणि राज्य सरकार यांनी तिथे गावोगाव जाऊन कुत्र्यांना लस द्यायला सुरुवात केली. लस दिलेल्या कुत्र्याच्या अंगावर रंगाचा पट्टा ओढायचा, मोबाइलवर जागेची नोंद करायची, आणि मागून पाहणी करणारी तुकडी रंग लागलेली किती, न लागलेली किती हे मोजत येणार. प्रमाण कमी भरलं तर त्या वाड्यावर पुन्हा जायचं. दहा कुत्र्यांपैकी सातांना लस मिळाली की विषाणूची साखळी तुटते, हा जगभरचा अनुभव. २०१८ पासून काही वर्षं सलग गोव्यात रेबीजचा एकही मानवी मृत्यू झाला नाही आणि २०२१ मध्ये राज्याने स्वतःला रेबीज-नियंत्रित क्षेत्र जाहीर केलं. रंगाचा पट्टा काही दिवसांत धुऊन जातो, पण तेवढे दिवस तो ओळखपत्राचं काम करतो. म्हणजे साधन भारी असावं लागत नाही. ते वाचणारा माणूस आणि पुढे नोंद करणारी वही मात्र असावीच लागते.

मायक्रोचिपबद्दल आपल्याकडे जे गैरसमज आहेत तेही याच मुद्द्याशी येऊन ठेपतात. तांदळाच्या दाण्याएवढी ही काचेची कुपी जाड सुईने कुत्र्याच्या दोन खांद्यांच्या मधल्या कातडीखाली सोडतात. तिला बॅटरी नाही. कुत्रा कुठे आहे, हे ती सांगत नाही. हरवलेला कुत्रा मोबाइलवर शोधता येईल, असं सांगणारा विक्रेता थापा मारतो आहे. यंत्र मानेवरून फिरवलं की त्याच्या लहरींवर ती क्षणभर जागी होते आणि एक पंधरा अंकी आकडा दाखवते. बस, इतकंच. नाव नाही, पत्ता नाही, लसीची तारीख नाही. तो आकडा एखाद्या वहीत मालकाच्या नावासमोर असेल तर चिप उपयोगाची, नाहीतर ती कुत्र्याच्या अंगातली काच. इंग्लंडमध्ये आज सक्तीच्या चिपनंतरही अडचण हीच आहे : डझनाहून अधिक वेगवेगळ्या कंपन्यांच्या वह्या, आणि घर बदललं तरी पत्ता बदलायला विसरलेले मालक. आपल्या देशातही २०१७ च्या श्वान-पैदास नियमांनी पैदास करणाऱ्याला कुत्र्यांना चिप बसवायला आणि नोंदी ठेवायला सांगितलं आहे. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला बंदी केली आहे. पण ती नोंद विकत घेणाऱ्याच्या नावावर चढून महापालिकेत पोचेल, असा रस्ता नाही. विक्रीच्या दारातच साखळी तुटते. २०२३ मध्ये मुंबई विमानतळाबाहेरच्या वीस कुत्र्यांच्या गळ्यात क्यूआर कोडचे बिल्ले बांधले गेले होते. मोबाइलवर स्कॅन केलं की नाव, लस, निर्बीजीकरण सगळं समोर. गल्लीतल्या कुत्र्यासाठी हे चिपपेक्षा सोपं. फक्त ही हौशी माणसांनी केलेली गोष्ट होती. व्यवस्था म्हणून कोणी ती उचलली पाहिजे.

जातीवर बंदी घालून हे सगळं टाळता येईल, अशी एक कल्पना मधूनच डोकं वर काढते. मार्च २०२४ मध्ये केंद्राने तेवीस जातींच्या ‘हिंस्र’ कुत्र्यांवर बंदीचं पत्रक काढलं आणि एप्रिलमध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ते रद्द केलं. यावर जास्त शाई खर्च करायला नको. चावा नोंदवायचा तर जात पुरत नाही, विशिष्ट कुत्रा आणि विशिष्ट मालक लागतो.

नोंदणीची सक्ती झाली तर सोसायटीचे चेअरमन ती यादी घेऊन कुत्रेवाल्यांच्या मागे लागतील, ही भीती मात्र खरी आहे. लिफ्ट वापरू नका, बागेत आणू नका, कुत्रा ठेवायचा तर फ्लॅट सोडा, असे ठराव आजही होतात. सोसायटीला पाळीव प्राण्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असं पशुकल्याण मंडळाने २०१५ मध्येच कळवलेलं असूनही. म्हणून नोंदवही महापालिकेकडे आणि पशुवैद्यकाकडे असावी. बाहेरच्याला नंबर दिल्यावर ‘नोंदणी आहे, लस चालू आहे’ एवढंच उत्तर मिळावं, नाव-पत्ता नाही. उलट अशी नोंद असली तर कुत्रेवाल्याला ठरावाविरुद्ध बोलायला कागद हाताशी असतो. आणखी एक भीती अशी की, दंडाच्या धाकाने लोक कुत्रीच सोडून देतील. पहिलं वर्ष फुकट आणि बिनदंडाचं ठेवलं, नसबंदी केलेल्या आणि दत्तक घेतलेल्या गावठी कुत्र्याला शुल्कच लावलं नाही, तर ही भीती बरीच ओसरते. कॅनडातल्या कॅल्गरी शहराने तर शुल्काच्या बदल्यात सेवा दिली : परवाना असलेला कुत्रा रस्त्यावर सापडला, तर कर्मचारी त्याला पकडून कोंडवाड्यात न नेता थेट घरी पोचवतात. कर भरल्यावर महापालिका आपला कुत्रा घरी आणून सोडते, ही कल्पना आपल्याकडे जरा स्वप्नवत वाटेल. पण लोक परवाना का काढतात, याचं उत्तर तिच्यात आहे.

शहराबाहेर ही गोष्ट अवघड होते. मेंढरांबरोबर तालुके ओलांडत चाललेल्या धनगराच्या कुत्र्याची नोंद कोणत्या ग्रामपंचायतीत करायची? वस्तीवरच्या कुत्र्याला भाकरी सगळ्या घरांची मिळते आणि तो राखण सगळ्यांची करतो, मालक म्हणून कोणाचं नाव घालायचं? म्हणून नोंद वॉर्डाची किंवा गावाची नको, राज्यभर एकच हवी. आणि मालक, सांभाळणारा आणि सार्वजनिक असे तीन रकाने त्यात हवेत. २०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांनी भटक्या कुत्र्यांना वस्तीचे प्राणी मानून त्यांच्या खाण्याची सोय बघायचं काम रहिवासी संघटनांवर टाकलेलंच आहे. सांभाळणाऱ्याच्या रकान्यात संघटनेचं नाव आलं, तर खायला घालणाऱ्या बाईला मालक ठरवायची वेळ येणार नाही.

हे सगळं जिथे घडायचं ती जागा महापालिकेची खिडकी नाही. ती पशुवैद्यकाचं टेबल आहे. आजही रेबीजची लस टोचल्यावर डॉक्टर कुपीवरचं बॅच नंबरचं लेबल सोलून कुत्र्याच्या पुस्तिकेत चिकटवतात, तारीख टाकतात, सही करतात. कुत्र्याच्या आयुष्यातली सगळ्यात खात्रीची सरकारमान्य नोंद तीच, आणि ती मालकाच्या कपाटात पडून राहते. तीच नोंद त्याच क्षणी डॉक्टरांनी राज्याच्या वहीत चढवली, त्याबद्दल त्यांना काही मानधन मिळालं आणि मालकाच्या हातात नंबर पडला, तर परवाना वेगळा काढायचं कारण उरत नाही. विक्री, दत्तक, मृत्यू यांची खबर देणं मालकाचं काम, आणि दंड परवाना न काढल्याचा नको, खबर न दिल्याचा हवा. २०३० पर्यंत कुत्र्यांमुळे होणारा रेबीज संपवण्याचा राष्ट्रीय आराखडा केंद्राने सप्टेंबर २०२१ मध्येच जाहीर केला आहे. तो कागदावर राहू नये असं वाटत असेल तर सुरुवात इथून होते. आणि कायद्यात एक दुरुस्ती तातडीने हवी. पाळलेल्या प्राण्याचे भुकेने किंवा तहानेने हाल होतील अशा अवस्थेत त्याला सोडून देणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ खाली गुन्हा आहे. पहिल्या गुन्ह्याची शिक्षा आजही कमीत कमी दहा आणि जास्तीत जास्त पन्नास रुपये दंड एवढीच आहे.